डावीकडचे पाच फूट

नमस्कार दादा,

माझ्या लेखाखालच्या प्रतिक्रियेत नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'छोटा हत्तीवाला' लिहिलंय, म्हणून दादाच म्हणतो. अठरा वर्षं टेम्पो चालवताय म्हणजे वयानं माझ्या आसपासचेच असाल.

रात्रपाळीहून सायकलवर घरी येताना पुण्यातल्या सातारा रस्त्यावर टेम्पो कसे अंगाला घासून जातात, ते मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं काय, ते बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सायकलवाल्याला लायसन नाही, नंबर प्लेट नाही, टॅक्स नाही. मागे दिवा नसतो आणि अंगात काळे कपडे. ट्रॅक बांधून दिलाय, तर त्यावरून न जाता रस्त्याच्या मधून चालतात. सिग्नलला मात्र डावीकडून घुसून पुढे येतात. आणि काही झालं की लोक मोठ्या गाडीवाल्याला खाली ओढून मारतात. शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत: "तुम्ही हौसेनं सायकल चालवता, आम्ही पोटासाठी गाडी."

आधी माफी मागतो. 'मार्केट यार्डाच्या टेम्पोवाल्यांना रस्ता बापाचा वाटतो' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य काल काढून टाकलं. दुसऱ्याच्या मजकुरातली असली सरसकट वाक्यं शोधणं हाच माझा धंदा आहे, मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. स्वतःचं लिहिताना डोळे मिटले.

पण 'हौस' हा शब्द तुम्ही परत घ्या. दीड वाजता आमचं शेवटचं पान सुटतं. त्या वेळी बस नसते, रिक्षा रोजच्या रोज परवडत नाही, आणि घरातली एकुलती एक स्कूटर मुलीच्या नोकरीसाठी लागते. धनकवडीपर्यंत मी सायकलवर येतो, कारण मला घरी पोचायचं असतं. त्या वेळी रस्त्यावर अजून कोण असतं ते तुम्हीही बघत असाल. पाळी संपलेला वॉचमन असतो, हॉटेल बंद करून निघालेली पोरं असतात, पहाटे पेपर आणि दूध टाकणारे असतात. त्यांच्या सायकली तिसऱ्या-चौथ्या हाताच्या. हेल्मेट आणि घट्ट कपडे घालून रविवारी खडकवासल्याकडे तिघं-चौघं शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात, कानात गाणी लावून, त्यांच्याबद्दल तुम्ही जे म्हणता ते मला मान्य आहे. त्यांची वकिली मी करणार नाही. (एका रविवारी मीही त्यांच्यात होतो. मागून हॉर्न वाजला तेव्हा आम्हीच वाजवणाऱ्याला शिव्या घातल्या.)

तुमची प्रतिक्रिया वाचून मी एक उद्योग केला, तो सांगतो. आमच्या गल्लीत एकांचा छोटा हत्ती आहे. परवा दुपारी त्यांना विनंती करून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. हौद्यात क्रेट रचलेले होतेच. मुलीला म्हटलं, माझी सायकल घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहा आणि हळूहळू पुढे ये. मागची काच क्रेटनी झाकलेली, त्यामुळे आतल्या आरशाचा उपयोग शून्य. डाव्या आरशात ती आधी दिसली. मग हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यापाशी आली आणि चक्क गायब झाली. मी मान वळवली, तरी दाराच्या खांबाआड तिच्या ओढणीचं एक टोक तेवढं दिसत होतं. पुन्हा दिसली ती थेट पुढच्या काचेत. मधली चार-पाच पावलं ती माझ्यासाठी जगातच नव्हती. आणि गाडी उभी होती, दुपार होती, ती तिथे आहे हे मला ठाऊक होतं! रात्री दोन वाजता, पावसात, आरशावर थेंब असताना तुम्हाला काय दिसत असेल?

पाच वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचा अर्थ मला त्या दुपारी लागला. स्वारगेटकडून कात्रजकडे जाताना मार्केट यार्डाकडे डावीकडे वळायचा एक चौक लागतो. सिग्नलला एक मोठा ट्रक उभा होता. मी त्याच्या डावीकडून पुढे सरकलो, अगदी तुम्ही म्हणता तसाच. सिग्नल सुटला आणि ट्रक डावीकडे वळला. त्याचं तोंड माझ्यापासून लांब गेलं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते वळण आतून कापत येतं. हे मला माहीत नव्हतं. सायकल सोडून मी फुटपाथवर उडी मारली. मागचं मडगार्ड आणि रिम चेपली, मी वाचलो. त्या ड्रायव्हरला मी वर्षानुवर्षं मनात शिव्या देत आलोय. त्यानं इंडिकेटर दिला होता की नाही, हे मला आजही आठवत नाही, कारण मी बघितलंच नव्हतं. तेव्हा सिग्नलला डावीकडून घुसण्याबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. आता मी मोठ्या गाडीच्या मागेच थांबतो, धूर खात.

मात्र 'रस्त्याच्या मधून का चालता' या प्रश्नावर मी मागे हटणार नाही. माझ्या लेखात सांगायचं राहिलं ते हेच होतं.

तुमच्या सीटवरून रस्ता डाव्या कठड्यापर्यंत सलग दिसतो. सायकलवरून तसा नसतो. डावीकडचे पाच फूट हा माझ्या लेखी रस्ताच नाही. सगळ्यात कडेला पावसाळी गटाराच्या जाळ्या असतात. काही ठिकाणी त्यांच्या सळ्या रस्त्याच्या दिशेनं लांब बसवलेल्या आहेत आणि दोन सळ्यांमध्ये सायकलचं चाक बरोब्बर मावतं. त्याच्या उजवीकडे चेंबरची झाकणं. दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, झाकण तिथंच राहतं, मग चार बोटं खोल खड्डा तयार होतो. तुमच्या टायरला तो कळतही नाही. जिथे डांबर संपून सिमेंट सुरू होतं तिथे एक लांब कड असते. तिला तिरकं चाक लागलं तर सायकल घसरते, आणि पडायचं ते उजवीकडे, म्हणजे तुमच्या चाकाखाली. मग कच, वाळू, फुटलेल्या बाटल्या. रस्त्यावर वाहनांच्या चाकांनी उडालेलं सगळं कडेलाच जमतं.

याच्यावर उभ्या गाड्या. त्यांचं दार उघडलं की साधारण एक मीटर जागा खातं. कडेनं चालणारा सायकलवाला एकतर दारावर आदळतो, नाहीतर चुकवायला एकदम उजवीकडे येतो. तुम्ही मागून म्हणता, हा बघा, हात न दाखवता मध्ये घुसला. नेदरलँडमध्ये गाडी शिकवतानाच सांगतात की दार लांबच्या हातानं उघडायचं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डाव्या हातानं. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागचा रस्ता दिसतो. फुकटचा उपाय आहे. तुमच्या गाडीवरच्या पोऱ्यालाही शिकवा, फक्त त्याची बाजू डावी, म्हणून त्याचा हात उजवा.

आणि रात्रीची कुत्री. बालाजीनगरच्या अलीकडे एक टोळी आहे. चारचाकीच्या मागे ती भुंकण्यापुरती धावते, सायकलच्या मागे पोटरीसाठी. तिथे मी उजवीकडे येतो, कारण फुटपाथवरून झेप घेणाऱ्याला तेवढं अंतर जास्त पडतं. यात तुम्हाला अडवण्याचा काही हेतू नसतो, एवढं माना.

म्हणून मी कडेपासून पाच फूट सोडून, सरळ रेषेत चालतो. कडेनं नागमोडी जाणारा सायकलवाला तुम्हाला सोयीचा वाटतो, पण तो कधी बाहेर येईल याचा नेम नसतो. सरळ चालणाऱ्याला ओलांडायला दहा सेकंद थांबावं लागेल, पण तो कुठे असेल हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

ट्रॅकचं म्हणाल तर एकदा माझ्याबरोबर चाला. २००६ साली याच रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका आली, कडेनं सायकल ट्रॅकही आले. आज त्यावर पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मध्येच विजेचा डीपी, पुढे पानटपरी, बसथांब्यापाशी ट्रॅक गुडुप, आणि उरलेल्या तुकड्यात उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटरसायकली. सायकल ट्रॅकवर मोटार घालायला कायद्यानं बंदी आहे. २०१७ साली महापालिकेनं शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. मोडक्या ट्रॅकवरून कोण जात नाही यावर आपण दोघांनी भांडायचं, हे मात्र कुणाच्या तरी भारी सोयीचं आहे.

टॅक्सबद्दल दोनच ओळी. तुम्ही भरता तो वाहनकर राज्य सरकारकडे जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते, आणि तिच्या तिजोरीत माझ्या घरपट्टीचेही पैसे असतात. लायसन-बिल्ल्याचं सांगायचं तर पुण्यात सायकलला कर भरून बिल्ला मिळायचा तो काळ माझ्या वडिलांनी बघितलाय. दिव्याशिवाय सापडलं की पोलीस व्हॉल्व्ह काढून हवा सोडायचे, हेही तेच सांगायचे. म्हणजे बिल्ला असतानाही लोक दिव्याविना जातच होते!

दिव्याचा तुमचा मुद्दा मात्र खरा. माझ्या सायकलला मागे फक्त एक रिफ्लेक्टर होता, तोही चिखलानं माखलेला. बटणावर लुकलुकणारा लाल दिवा काल आणला, दोनशे रुपये पडले. आमच्या वॉचमनसाठीही एक घेतला. त्यानं तो पहिल्या रात्री देव्हाऱ्यात लावला, तो भाग वेगळा.

आता सगळ्यात जड मुद्दा, मोठ्या गाडीचा दोष. भरलेला छोटा हत्ती दीड टनाच्या आसपास भरतो. मी सायकलसकट पंच्याऐंशी किलो. तुम्ही ताशी ४० किलोमीटरनं आणि मी १५नं जात असू, तर तुमच्या गाडीत माझ्यापेक्षा सव्वाशे पट जोर असतो. शाळेतल्या सूत्रानं करून बघितलं, वेगाचा वर्ग घ्यायचा असतो. माझ्या चुकीनं तुमचा आरसा फुटेल. तुमच्या चुकीनं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, आणि माझ्या चुकीनंही तेच माझंच होईल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात सायकलवाले ४,८००च्या वर होते. म्हणून जास्त काळजी तुम्ही घ्यावी असं मी म्हणतो. दोष कायम तुमचाच, असं मी म्हणत नाही. लेखात मी या दोन्हींची खिचडी केली होती.

कायदाही ही फारकत करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४प्रमाणे मृत्यू झाला तर पाच लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख भरपाई मिळते, आणि त्यासाठी चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. ती विमा कंपनी किंवा मालक देतो. ड्रायव्हरला शिक्षा व्हायची तर मात्र त्याचा निष्काळजीपणा कोर्टात दाखवावा लागतो. गर्दीला हा फरक कळत नाही, हे तुमचं दुःख मला समजतं. कलम १३४ ड्रायव्हरला सांगतं की जखमीला मदत मिळवून द्या, पोलिसांना कळवा. पण त्याच कलमात, जमावाच्या रोषामुळे मदत शक्य नसेल तर, अशी सूटही लिहिलेली आहे. १९८८चा कायदा करणाऱ्यांनाही आपले लोक माहीत होते म्हणायचे. मात्र ती सूट मदतीपुरतीच आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात चोवीस तासांच्या आत कळवावंच लागतं. २०२४च्या जानेवारीत अपघातानंतर पळणाऱ्याच्या नव्या शिक्षेविरुद्ध चालकांचा संप झाला आणि पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा मीही रांगेत उभा राहून चालकांना नावं ठेवली होती. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं ते पोटकलम १ जुलैला नवी न्याय संहिता आली तेव्हा लागू केलं नाही. पळणारा सगळ्याच वेळी निर्ढावलेला नसतो, कधी तो नुसता घाबरलेला असतो, हे तुमच्या चार ओळींनी मला त्या रांगेपेक्षा जास्त कळलं.

पण दादा, पळून गेलात तर रस्त्यात पडलेला मी असतो. गर्दीपासून लांब जा, हवं तर पुढच्या चौकात थांबा, पण तिथून १०८ला फोन करा.

मंगळवारी माझी सुट्टी. बाकी दिवशी दोन-सव्वादोनला पद्मावतीच्या आसपास कडेपासून पाच फूट सोडून चाललेला लाल लुकलुकता दिवा दिसला, तर तो मी. मागून एकदा डिपर द्या, म्हणजे तुम्ही आलात हे कळेल. हॉर्न नका वाजवू, कुत्री उठतात.