मक्षिकापात

पहिल्याच घासाला ताटात माशी पडली की आपण ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ म्हणून कपाळाला हात लावतो. ट्राऊट नावाच्या माशाचे मत याच्या अगदी उलट आहे. थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यात राहणाऱ्या या माशाला वरून माशी पडणे ही पर्वणी वाटते, आणि त्याच्या या आवडीचा गैरफायदा घेण्यासाठी माणसाने जी खटपट शोधून काढली आहे तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाभोवती पिसे, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, ती खरी असल्याच्या थाटात पाण्यावर उतरवायची आणि मासा फसण्याची वाट पाहायची, असा हा एकूण व्यवहार आहे. त्यासाठी माझ्या दोन मित्रांनी मला एका रविवारी पहाटे साडेचारला अंथरुणातून उठवले, तेव्हाच माशी पाण्यात पडण्याआधी शिंकली आहे हे मला कळायला हवे होते.

या दोघांपैकी एकाला आम्ही आचार्य म्हणतो, कारण कोणताही विषय तो उगमापासून सुरू करतो. दुसऱ्याचे नाव मौनी. तो काही बोलत नाही आणि मासे पकडतो. माझ्याविषयी सांगायचे तर, नाकावर माशी बसू न देणारा मनुष्य असा माझा घरीदारी लौकिक आहे आणि तो मी कष्टाने टिकवून ठेवला आहे.

गाडीत बसताच आचार्यांनी उगम गाठला. इसवी सन २००च्या सुमारास एका रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत, कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे तिला जोडत आणि ही माशी नदीवर सोडत. त्यांची काठी सहा फूट लांब असे आणि दोरीही तेवढीच. सहा फुटी काठीला सहा फुटी दोरी हे प्रमाण मला फार समंजस वाटले. नदीवर पोहोचल्यावर माझ्या हातात जो रॉड देण्यात आला तो नऊ फुटांचा होता आणि रिळावर गुंडाळलेली लाइन सुमारे नव्वद फुटांची. अठराशे वर्षांत या क्षेत्रात जी काही प्रगती झाली ती नेमकी गुंता होण्याच्या दिशेने झाली आहे, हे मी तिथल्या तिथे नमूद केले. पण आचार्य तोवर वेडर्सकडे वळले होते.

वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, मोज्यांसकट शिवलेली आणि पाणी आत न येऊ देणारी विजार. ती चढवल्यावर माणूस नदीत उभा राहण्यास योग्य आणि इतर सर्व कामांस अयोग्य होतो. तिच्यावर कमरेला पट्टा घट्ट आवळावा लागतो. “पडलास की आत पाणी भरू नये म्हणून,” असे आचार्यांनी सांगितले. ‘पडलास तर’ असे ते म्हणाले असते तर मला बरे वाटले असते.

मग माशी बांधण्याचा विधी आला. या खेळात आकडे उलटे चालतात, म्हणजे गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. आणि लाइनच्या टोकाला जो अगदी बारीक दोरा असतो, ज्याला टिपेट म्हणतात, त्याचाही क्रमांक वाढला की जाडी कमी होते. मला मिळालेला गळ १८ नंबरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा होता, आणि टिपेट ५-एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचे. ते गळाच्या नेढ्यातून ओवायचे, त्याच्याच अंगाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत नेढ्याजवळच्या फटीतून काढायचे, गाठ थुंकीने ओली करायची, कारण कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमजोर होतो, आणि मग हलकेच आवळायची. माझा लांबचा चष्मा डोळ्यांवर होता आणि जवळचा चष्मा वेडर्सच्या आत, शर्टाच्या खिशात, म्हणजे त्या घटकेला परराष्ट्रात होता. बोटे गारठली होती. दोरा पारदर्शक असल्यामुळे तो नेढ्यातून गेला की नेढ्याशेजारून गेला हे केवळ श्रद्धेने ठरवावे लागत होते. पहिल्या खेपेस वेढे मोजताना मी चौथ्यावर शिंकलो. दुसऱ्या खेपेस गाठ उत्तम बसली, परंतु ओढून पाहिल्यावर तिच्यात माशीबरोबर माझ्या बाहीचा एक धागाही सामील झालेला आढळला. तिसऱ्या खेपेस मौनीने माझ्या हातातून दोन्ही वस्तू घेतल्या, पाठ वळवली आणि अर्ध्या मिनिटात माशी बांधून परत दिली. पाठ का वळवली हे मी विचारले नाही.

फेकण्याचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. साध्या गळाला शिशाचे वजन असते आणि ते दोरीला ओढत नेते. इथे माशीला वजनच नसल्यामुळे जाड लाइनचे वजन फेकायचे आणि माशी तिच्या मागून जाते. रॉड घड्याळाच्या दहाच्या काट्यापासून एकच्या काट्यापर्यंत मागे न्यायचा, थबकायचे, लाइन मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे आणायचा. सगळी विद्या त्या थबकण्यात आहे. मागे न पाहता, मागे काय चालले आहे याची कल्पना करत, काहीही न करता क्षणभर थांबायचे, हे मला जन्मात कधी जमलेले नाही. मी पुढे झटका दिला आणि कानाजवळ चाबूक कडाडावा तसा आवाज झाला.

“माशी गेली,” आचार्य म्हणाले.

“कुठे?”

“टोकाला आवाजाचा वेग आला की असं होतं. अरे, चाबकाचंही तत्त्व हेच.”

तत्त्व तेच असल्याच्या समाधानात दुसरी माशीही गेली. तिसरी मागच्या झाडाने घेतली. चौथी माझ्या टोपीत रुतली आणि ती टोपी पुढच्या फेकीबरोबर नदीच्या मध्यापर्यंत अतिशय डौलाने गेली. तिचा पाण्यावरचा उतार पाहून आचार्यांनी प्रथमच मान डोलावली. त्यानंतर माझी फेक खरोखर सुधारली. लाइन मागे उलगडू लागली, पुढे सरळ पडू लागली आणि वीस मिनिटांनी मला स्वतःचेच कौतुक वाटू लागले, तेव्हा मौनीने येऊन माझ्या टिपेटचे मोकळे टोक दोन बोटांत धरून मला दाखवले. वीस मिनिटे मी माशांना निव्वळ दोरा दाखवत होतो.

एखाद्याला पाण्यात पाहणे याचा मराठीतला अर्थ आपल्याला ठाऊक आहे. ट्राऊट आपल्याला पाण्यातून पाहतो आणि त्यामागची भावना बहुधा तीच असते. आचार्यांनी याचे भौतिकशास्त्र ओणव्या अवस्थेत समजावले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते, आणि पाण्याच्या पातळीलगत जे असेल ते झरोक्याच्या कडेशी चेपले जाऊन त्याला जवळजवळ दिसतच नाही. शिवाय अन्न प्रवाहाबरोबर येते म्हणून ट्राऊट येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. यातून निघणारा निष्कर्ष असा की त्याच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगाने, गुडघ्यांत वाकून, गोट्यांवरून घसरत, प्रवाहाविरुद्ध त्याच्याकडे जायचे. त्या पवित्र्यात मी चाळीस पावले चाललो. एकेचाळिसावे पाऊल ज्या गोट्यावर पडले तो गोटा जाग्यावरून निघाला आणि आचार्यांच्या पट्ट्याची परीक्षा झाली. पट्टा उत्तम होता. त्याच्या वरच्या भागाविषयी मात्र कोणतीही हमी नव्हती, आणि नदीचे तापमान १२ अंश आहे, जे ट्राऊटला फार मानवते, ही माहिती मला काठावर ओढून काढत असतानाच देण्यात आली.

दुपारी माझी माशी अखेर पाण्यावर टिकू लागली, तेव्हा नवी भानगड निघाली. नदीच्या मधला प्रवाह वेगवान असतो आणि पलीकडच्या काठाचा संथ. आपली माशी संथ पाण्यावर निवांत बसलेली असते, पण मधला प्रवाह लाइनला पोटाशी धरून पुढे पळवतो आणि लाइन माशीला फरफटत नेते. माझी माशी मागे इंग्रजी व्हीच्या आकाराची लाट सोडत, मोटारबोटीसारखी नदी ओलांडून गेली. कोणत्याही आत्मसन्मान असलेल्या माशीने असा प्रवास केला नसता, आणि ट्राऊट हे जाणून आहे. उपाय एवढाच की लाइन पाण्यावर पडताच तिचे पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचे, तेही टोकाची माशी जागची न हलवता. हे म्हणजे झोपलेल्या माणसाखालची चादर बदलण्यासारखे आहे.

याच सुमारास मौनीने एक ट्राऊट पकडला. हात आधी पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. गळाला उलटी अणी नव्हतीच, त्यामुळे तो अलगद सुटला. तपकिरी पाठ, कुशीवर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडी, इतके मी पाहतो न पाहतो तोच त्याने मासा पाण्यात येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि शेपटीला जोर येताच सोडून दिला. पहाटे साडेचारपासूनचा सगळा खटाटोप ज्यासाठी चालला होता ती वस्तू हातात आल्यावर तिला आदराने निरोप द्यायचा असतो, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी तिला घरूनच निरोप दिला असता.

संध्याकाळी नदीचा नूर पालटला. मेफ्लाय नावाचे कीटक हजारोंनी पाण्यातून वर येऊ लागले. यांचे जवळजवळ सगळे आयुष्य पाण्याखाली जाते. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांमधला हा एकमेव गट आहे, आणि प्रौढ झाल्यावर यांना खाता येत नाही, कारण कामाचे तोंडच नसते. जेमतेम दिवसभर जगतात. नदीवर जिकडेतिकडे वलये उमटू लागली, मासे वर येऊन माशा टिपू लागले, आणि आचार्यांनी टाकलेली प्रत्येक माशी मात्र ते जवळ येऊन, निरखून नाकारू लागले. सहा माशा बदलून झाल्या. आचार्य हताश होऊन म्हणाले, “ते नेमकं काय खातायत तेच कळत नाही.”

मी एका खडकावर बसून बुटातले पाणी काढत होतो. तेवढ्यात एक मेफ्लाय तरंगत आला आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसला. लौकिकाला जागून माझा हात उठला.

“खबरदार! हात खाली!” आचार्य गुडघाभर पाणी तुडवत, एका हातात माशांची डबी आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन माझ्याकडे आले. “मान जरा वर कर. उजेड येऊ दे. शेपट्या तीन. पंख राखी. श्वास सोडू नकोस, उडेल तो.” मग शर्टाच्या तुटक्या बटणाला जोड शोधावी तशी डबीतली एकेक माशी चिमट्यात धरून ते माझ्या नाकाशी लावून पाहू लागले. “१८ मोठी होतेय. २० बघू.”

मागून पाण्याचा आवाज झाला. मौनी येऊन त्यांच्या खांद्यावरून डोकावला.

“हलू नकोस,” दिवसभरात पहिल्यांदाच तो बोलला, “मलाही बघायचंय.”