60 डेसिबल म्हणजे 60 डेसिबल? कानाचा हिशोब वेगळा आहे

सध्या एक मेसेज फिरतोय: "60 डेसिबल म्हणजे 60 डेसिबल. घरघर असो की शिट्टी, कानाला दोन्ही सारखेच मोठे. हळू आवाजात बेस गायब होतो, तो स्पीकर भिकार असल्यामुळे. आणि मीटरवर आकडा कमी असेल तर तक्रार म्हणजे नुसते चोचले."

पहिलं विधान. डेसिबलने हवेतला दाब कळतो. आवाज किती मोठा वाटणार हे कान ठरवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच वेगवेगळ्या वारंवारितेचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा कमी तर सूर खालचा) सूर 1000 हर्ट्झच्या सुराशी ताडून याचे आलेख मांडले. आजचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आयएसओ 226. त्यानुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढंच वाटायला 100 हर्ट्झला 60 हून जास्त लागतात आणि 20 हर्ट्झला जवळजवळ 100! उलट 3000 हर्ट्झच्या आसपास 40 पेक्षा कमीच पुरतात. कारण कानाची नळी. जेमतेम अडीच सेंटीमीटरची, आतून पडद्याने बंद. ती नेमकी याच पट्ट्यात घुमते.

पटत नसेल तर टोन जनरेटरवर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं ॲप) आधी 100, मग 3000 हर्ट्झ लावा, व्हॉल्यूमला हात न लावता. हेडफोन मात्र हवाच, फोनच्या स्पीकरमधून 100 हर्ट्झ धड निघतच नाही. आणि आधी आवाज अगदी बारीक ठेवा.

बेसचं विधान अर्धवट खरं आहे. छोट्या स्पीकरला बेस झेपत नाही, पण मग तो मोठ्या आवाजातही झेपत नाही. उत्तम स्पीकरवरही आवाज कमी केला की बेस आधी विरतो, कारण खालच्या पट्टीत थोडे डेसिबल उतरले तरी कानाला मोठी घट जाणवते. जुन्या ॲम्प्लिफायरवर हळू आवाजात बेस वाढवणारं 'लाउडनेस'चं बटण त्यासाठीच असायचं.

राहिला मीटर. बहुतेक वेळा आकडा दिला जातो तो 'डीबीए'मध्ये, म्हणजे 'ए-वेटिंग' नावाची गाळणी लावून. कानाची नक्कल म्हणून हे ए-वेटिंग 63 हर्ट्झला तब्बल 26 डेसिबल कापतं. पण ते बेतलंय 40 डेसिबलच्या त्या हळू आवाजाच्या आलेखावर. आवाज वाढला की कान खालच्या सुरांना इतकी सूट देत नाही. मीटर मात्र देतच राहतो. म्हणून तक्रार घरघरीची असेल तर मीटर 'सी'वर (खालचे सूर फारसे न कापणाऱ्या गाळणीवर) टाकून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत 20 चा फरक निघाला, तर आवाजाचा मुख्य जोर खालच्या पट्टीतच आहे आणि 'ए'ने तोच वगळलाय.