रास्पबेरी पायवर आलेख का निघेना: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘आर’ ही आकडेमोडीची आणि आलेखांची भाषा कशी बसवायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘तुमचा लेख वाचून रास्पबेरी पायवर आर बसवलं, दोन रविवार घालवले. पर्जन्यमापकाचे आकडे वाचले जातात, पण आलेख निघत नाही. एआरएम चिपचं हे खेळणं आलेखांसाठी नाहीच. आधी स्वतः करून बघा, मग लिहा,’ असं तुम्ही म्हणता. राग रास्त आहे, कारण चूक माझ्या लेखात आहे. पायमधल्या एआरएम चिपचा, म्हणजे प्रोसेसरचा, मात्र यात काही दोष नाही, आणि तेवढ्यासाठी पाय कपाटात टाकू नका.

एरर जशीच्या तशी दिलीत हे फार बरं केलंत. ‘अनेबल टू ओपन कनेक्शन टू एक्स११ डिस्प्ले’, आणि पुढे नुसती रिकामी अवतरणचिन्हं. खरी खूण त्या रिकाम्या चिन्हांत आहे. एक्स११ ही लिनक्सवर स्क्रीनवर चित्रं दाखवणारी यंत्रणा. आर तिच्याकडे स्क्रीन मागतंय, आणि तुम्ही लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून नुसत्या लिखित आज्ञा देत, आत शिरल्यामुळे कुठली स्क्रीन वापरायची हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

फाईलच लिहायची तर स्क्रीन कशाला? लिनक्सवर आरकडे पीएनजी ही चित्राची फाईल काढायच्या दोन वाटा आहेत. कायरो ही लायब्ररी चित्र थेट मेमरीत रंगवते, तिला स्क्रीन लागत नाही. दुसरी जुनी वाट एक्सलिबची. ती एक्स सर्व्हरकडून, म्हणजे त्याच एक्स११ यंत्रणेकडून, चित्र काढून घेते आणि मग फाईल लिहिते. आर सोर्समधून कंपाईल करताना, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधताना, त्यासाठी लागणाऱ्या कायरोच्या हेडर फाईली सापडल्या नाहीत, तर आधीची तयारी तपासणारं ‘कॉन्फिगर’ अडून बसत नाही. कायरो वगळून पुढे जातं आणि शेवटच्या गोषवाऱ्यात तेवढी नोंद करतं. शेकडो ओळी सरकून गेल्यावर ती ओळ कोण वाचतो? मीही वाचली नव्हती.

लेखात मी जी पॅकेजं आधी बसवायला सांगितली, त्या यादीतून ‘लिबकायरो२-डेव्ह’ हे त्या हेडर फाईलींचं पॅकेज राहून गेलं. माझ्या पाय ३ ला मॉनिटर जोडलेला होता आणि मी त्याच्यासमोर बसूनच सगळं तपासलं. एक्सलिबला हवी ती स्क्रीन मिळाली, पीएनजी निघाली, मी लेख टाकला. काल रात्री त्याच पायवर लॅपटॉपवरून शिरलो, तोच आलेख मागितला, आणि तुमचीच एरर समोर आली. हे लेख लिहिण्याआधी करायला हवं होतं. तुमचे दोन रविवार गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता दुरुस्ती. आरमध्ये ‘कपॅबिलिटीज’ हे फंक्शन चालवा. ‘कायरो’खाली फॉल्स, म्हणजे ‘नाही’, दिसेल. मग ‘लिबकायरो२-डेव्ह’ आणि ‘लिबपँगो१.०-डेव्ह’ ही दोन्ही पॅकेजं बसवा, आधीचं बांधकाम पुसा आणि कॉन्फिगरपासून पुन्हा कंपाईल करा. माझ्याकडे तासाहून जास्त वेळ लागला. आरची नवीच आवृत्ती हवी असा हट्ट नसेल, तर सोर्सच्या वाटेला न जाता ‘आर-बेस’ हे तयार पॅकेज घ्या. त्यात कायरो असतंच.

पँगो विसरू नका. तुम्हाला आडव्या अक्षावर महिन्यांची नावं मराठीत हवी आहेत. ‘सप्टेंबर’मधलं ‘प्टें’ किंवा ‘ऑक्टोबर’मधलं ‘क्टो’ नीट जुळवायचं काम पँगोचं. कोणी साध्या पीडीएफ फंक्शनचा उपाय सुचवेल. त्याला स्क्रीन लागत नाही हे खरं, पण त्याच्या ठरलेल्या फॉन्टांत देवनागरी नसल्यामुळे अक्षरांच्या जागी ठिपके येतात. मराठी पीडीएफ हवी तर कायरो-पीडीएफ वापरा.

तुमची दुसरी तक्रार: मॉनिटर जोडून रिझोल्यूशन ३०० केलं, तर ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’, म्हणजे समास फार मोठे, ही एरर. ती कुठल्याही संगणकावर येईल. पीएनजीचा ठरलेला आकार ४८० बाय ४८० पिक्सेल. इंचाला ३०० धरले की कागद उरतो १.६ इंचाचा. खालचा समास १.०२ इंच आणि वरचा ०.८२, म्हणजे समासच १.८४ इंच. आलेखाला जागा कुठून मिळणार? रुंदी १८००, उंची १२०० द्या. सहा बाय चार इंचांचा स्वच्छ आलेख मिळेल.

चिपमुळे फरक पडतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बेरजा करताना आर ‘लाँग डबल’ हा दशांश संख्या साठवायचा प्रकार वापरतं. इंटेलवर तो ८० बिटांचा, तर ३२ बिटांच्या एआरएमवर साध्या डबलइतकाच, ६४ बिटांचा. शेवटच्या एखाद-दुसऱ्या अंकात तफावत येऊ शकते. मिलीमीटरमध्ये मोजलेल्या पावसाच्या आलेखात ती दिसणार नाही.

लेखातली यादी आज सकाळी दुरुस्त केली आहे. कायरोखाली ट्रू आल्यावरही पीएनजी अडली, तर ‘कपॅबिलिटीज’चं पूर्ण उत्तर इथेच टाका. त्याच दिवशी माझ्या पायवर, मॉनिटर काढून, करून बघतो.