वीरांगनेला पगारवाढ लागत नाही

परिचारिकांना वीरांगना मानावे की नाही, असा प्रश्न आपल्याला पडला असेल तर मनातील संकोच प्रथम काढून टाकावा. अवश्य मानावे. यापेक्षा स्वस्त मान सध्या बाजारात उपलब्ध नाही. एखादीला कुशल कर्मचारी म्हटले की वेतनश्रेणी, कामाचे तास, हक्काची रजा, भविष्य निर्वाह निधी अशा रुक्ष गोष्टी पाठोपाठ हजर होतात; वीरांगना म्हटले की गुलाबाच्या एका फुलावर भागते.

या कामाचा वस्तुपाठ आपण सर्वांनी मिळून घालून दिलेलाच आहे. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० च्या रविवारी सायंकाळी ५ वाजता आपण गच्चीत उभे राहून थाळी बडवली, आणि ३ मे रोजी हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर पुष्पवृष्टी झाली. त्याच दिवसांत काही घरमालकांनी आपल्या भाडेकरू परिचारिकांना खोली रिकामी करायला सांगितले, यावरून काही मंडळींनी उगाच गहजब केला. त्यांना आपली परंपरा कळली नाही, एवढेच म्हणता येईल. देवीची स्थापना मखरात करतात. अकरा महिन्यांच्या करारावर माडीवरची खोली तिला कोणी देत नाही. मुलासाठी स्थळे पाहतानाही हेच धोरण ठेवावे. सून नोकरी करणारी हवी, शक्यतो सरकारी नोकरीतील हवी, पण ती परिचारिका निघाली तर ‘रात्रपाळी असते हो, आमच्याकडे वयस्कर माणसे आहेत’ असे सौम्यपणे सांगून पत्रिका परत करावी. त्या वयस्कर माणसांचे उद्या मांडीचे हाड मोडले तर रात्रपाळीला कोण असणार, हा विचार त्या क्षणी करू नये.

भाषेचेही पथ्य आहे. सरकारी कागदांत अधिपरिचारिका, परिसेविका अशी पदे असतात, पण ती शिकण्याचा त्रास आपण घेऊ नये; ‘सिस्टर’ या एका हाकेत सगळ्या मावतात. चार वर्षांची पदवी घेतलेली आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली यांतला फरक ओळखू लागलो, तर पुढे त्यांच्या मतालाही किंमत द्यावी लागेल. पुरुष परिचारकांची मात्र थोडी पंचाईत होते, कारण ‘ब्रदर’ला वीरांगना म्हणता येत नाही. त्याला स्ट्रेचर ढकलायला सांगावे आणि सत्काराच्या यादीतून वगळावे.

आता सर्वांत महत्त्वाची खबरदारी. परिचारिकेचे कौतुक करताना अंकगणित जवळपास फिरकू देऊ नये. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. हा निकष वाचून आपण सहज म्हणून एखाद्या वॉर्डात रात्री डोकावलात, आणि समजा तिथे ४० रुग्णांमागे एकच सिस्टर दिसली, तर हिशेब मांडू नका. मांडलाच, तर असे निघेल की रात्री ८ ते सकाळी ८ या बारा तासांची ७२० मिनिटे होतात आणि प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला १८ मिनिटे येतात. याच १८ मिनिटांत त्याचे इंजेक्शन, संपत आलेले सलाईन, ताप आणि रक्तदाब, लघवीच्या पिशवीचे मोजमाप, केसपेपरवरची नोंद आणि ‘सिस्टर, जरा बघता का’ असे दर दहा मिनिटांनी विचारणारा नातेवाईक, एवढे सगळे बसवायचे असते. त्यातच तिने स्वतः पाणी प्यायचे असते. एखाद्याची प्रकृती पहाटे ३ वाजता ढासळली, तर उरलेल्या ३९ जणांच्या मिनिटांतून भरपाई होते. असा हिशेब जमला की माणसाला पराक्रम दिसेनासा होतो आणि रिक्त पदे दिसू लागतात. म्हणून ‘एकटी चाळीस जणांना सांभाळते, धन्य तिची!’ एवढेच म्हणून वॉर्डाबाहेर पडावे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि व्यासपीठावर त्यांच्या तसबिरीपुढे दिवा लावला जातो. दिव्याला हरकत नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रात्री दिवा घेऊन फिरणारी ती करुणामूर्ती भाषणाला फार उपयोगी पडते. परंतु याच बाईंनी परत आल्यावर आकड्यांचे तक्ते मांडले, सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले हे वर्तुळाकार आकृत्या काढून सरकारला दाखवले, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, ही माहिती विद्यार्थिनींच्या हाती लागू देऊ नये. दिवा घेतलेली बाई काही मागत नाही. तक्ता घेतलेली बाई गटारे, खाटा आणि माणसे मोजते, आणि मग कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एक कथाही आपल्याला ठाऊक असेल. ती सांगताना आवाज हळवा ठेवावा, आणि इथे तो खरोखरच हळवा होतो. अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाही. याला माया म्हणावे. ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचा तपासणे, चादरीची सुरकुती काढणे, भरवताना घास श्वासनलिकेत जाऊ न देणे, हे शिकावे लागणारे शास्त्र आहे असे म्हणू नये. शानबाग स्वतः त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यांच्यावर हल्ला तिथेच झाला, आणि त्यानंतर परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी काम बंद केले होते, हा भाग वेळेअभावी गाळावा.

आपण स्वतः एखादे तीस खाटांचे नर्सिंग होम चालवत असाल, तर आपल्यासाठी स्वतंत्र सूचना. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेचे मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावे, आणि २०० खाटांपेक्षा मोठ्या रुग्णालयात ते राज्य सरकारी परिचारिकेइतके असावे. घाबरू नका, शिफारस म्हणजे कायदा नव्हे. तरीही एखादी वीरांगना हा कागद घेऊन केबिनमध्ये आलीच, तर तिची मूळ प्रमाणपत्रे आपल्या कपाटात आहेत याची तिला प्रेमाने आठवण द्यावी, आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत असे म्हणावे. कुटुंबात पगार कोण मागतो?

वीरांगनांचा एक दोष मात्र अद्याप दूर झालेला नाही: त्या अधूनमधून तोंड उघडतात. मे २०२२ मध्ये परिचारिका दिनाची फुले सुकतात न सुकतात तोच राज्यातील सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप पुकारला. अशा वेळी ‘रुग्णांना वाऱ्यावर सोडले’ हे वाक्य तयार ठेवावे आणि अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करणाऱ्या मेस्मा कायद्याचा उल्लेख करावा. एरवी ४० रुग्णांना एकीच्या भरवशावर सोडले जाते तेव्हा वारा नसतो. वीरपदाचा दुसरा उपयोग संकटानंतर कळतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, आणि काही दिवसांतच एका डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. पुष्पवृष्टीला जेमतेम दीड वर्ष झाले होते. वायरिंग कोणी तपासायचे होते, हे शोधायला फायली उपसाव्या लागतात. खाटेपाशी कोण उभी होती, हे हजेरीपुस्तकात ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते.

तेव्हा येत्या १२ मे रोजी सत्कार जरूर करावा, आणि तो सकाळी साडेआठला ठेवावा, म्हणजे रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टर आयत्याच सापडतात आणि त्या दोन तासांची कुठे नोंद होत नाही. प्रमुख पाहुणे साडेनऊपर्यंत येतील. तोवर सत्कारमूर्ती पहिल्या रांगेतील खुर्चीवर डुलक्या घेऊ लागल्या, तर छायाचित्रकाराने त्यांना उठवू नये. मिटलेल्या डोळ्यांचे छायाचित्र अधिक भावपूर्ण येते, आणि त्याखाली ‘सेवाभावात तल्लीन’ असे छापता येते.