मोठ्या आईला वर्गातून उठवणारा मेसेज

चार दिवसांपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला. वर ठळक अक्षरात "सावधान! साक्षरता वर्गात नाव देऊ नका", खाली चार मुद्दे आणि शेवटी नेहमीचं, जास्तीत जास्त शेअर करा. मी पाहून सोडून दिला असता, पण परवा मोठी आई समाजमंदिरातल्या वर्गाला गेलीच नाही, वही-पेन्सिल ट्रंकेत टाकून मोकळी. काहून वो म्हणून विचारलं तर म्हणते, "पास झाली तं माहा पगार बंद होते म्हनते बाप्पा." पगार म्हणजे निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार.

मेसेजमध्ये हा तिसरा मुद्दा आहे, पण मी आधी हाच घेतो, कारण बाकीचे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा पाप आहे. म्हणे परीक्षा पास झाली की सरकारदरबारी साक्षर अशी नोंद होते, मग निराधार आणि रेशन दोन्ही कटते. अरे कुठून आणता हे? संजय गांधी निराधारला वय पाहतात, विधवा-अपंग असं कारण पाहतात, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते पाहतात. रेशनलाही उत्पन्नाचीच अट. सही करता की अंगठा, हे पाहून कोणाचा पगार थांबत नाही. पगार अडकतो तो हयातीचा दाखला राहिला की, नाहीतर आधार बँकेला जोडलेलं नसलं की, आणि मग त्यासाठी जे कागद येतात ते वाचायला या बायका दुसऱ्याच्या दारात जातात. म्हणजे ज्या भीतीनं वर्ग सोडला, त्याच भीतीवर वर्गाचा उपयोग होता.

आता पहिला मुद्दा, चाळिशीनंतर मेंदूत काही शिरत नाही म्हणे. दूर जाऊ नका, आपल्या गडचिरोलीतच पाहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं तिथल्या सुईणींना लहान लेकरांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यातल्या निरक्षर बायांची मोजणी दहा-बाराच्या पुढं जात नव्हती आणि लेकराचे श्वास तर मिनिटाला पन्नास-साठपर्यंत मोजायचे. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं, एका मिनिटाची वाळूची घडी आणि बाजूला मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी सरकला तर समजायचं की श्वास जास्त आहे. बस. १९९२ साली हे इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्समध्ये छापून आलंय. ज्यांना वीसपर्यंत मोजता येत नव्हतं त्या आजार ओळखायला शिकल्या, आणि आमचा ग्रुप सांगतो की मेंदू बंद पडतो.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, वेळ लागतो. मोठी आई 'ध' आणि 'घ' मध्ये पंधरा दिवस गोंधळली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की तिला जवळचं दिसतच नाही. बाजारातून चष्मा आणला आणि दुसऱ्याच दिवशी ध घ सुटले. चाळिशी डोळ्याला लागते राजेहो, डोक्याला नाही.

दुसरा मुद्दा हजार कोटींच्या उधळपट्टीचा, मास्तरांना फुकटचे पगार. आकडा खरा आहे, उल्लासचे, म्हणजे हे साक्षरता वर्ग ज्या सरकारी योजनेतून चालतात तिचे, १०३७.९० कोटी, पण ते अख्ख्या देशाचे, २०२२ ते २०२७ पाच वर्षांचे, आणि शिकवायचंय पाच कोटी लोकांना. भागाकार करा, माणशी दोनशेच्या आसपास येतात. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधनच नाही. हां, कुठं कुठं वर्ग कागदावरच चालतो हे मी नाकारत नाही, आमच्याकडेही पहिले दोन महिने नुसती नावंच भरली होती. तर मग त्यावर बोंबला ना, बाईला घरी काहून बसवता?

राहिला चौथा, मोबाईल सगळं बोलून सांगतो, वाचून करायचं काय. कापूस वेचणीचा वजनकाटा बोलत नाही. मागच्या हंगामात संध्याकाळी धुऱ्यावर कापूस मोजताना मालकानं "अठरा" म्हणून वहीत लिहिलं, मोठी आई काट्याजवळ वाकली आणि म्हणाली, "एकोणीस दिसते, पुढं दोन बी हाये." मजुरी किलोवर असते. मालक हसला, म्हणे हो हो चुकलं. त्या दिवसापासून बाकीच्या वेचणाऱ्या तिला काट्याजवळ उभी करतात.

ज्याला अजून शंका असेल त्यानं तहसीलमध्ये जाऊन निराधारच्या निकषांचा कागद मागावा. वाचायला मोठ्या आईला सोबत न्या, ती येते म्हणाली. जोडाक्षरावर अडते, तेवढं थांबा.