डोंगर पोखरण्याची हौस

रहस्याचा गेम संपवणं ही एक शिक्षाच आहे. रात्रीचे दोन वाजलेले, डोळे चुरचुरतायत, आता सगळा उलगडा होणार! होतो. "बास? एवढंच?" असं आपण स्क्रीनला विचारेपर्यंत नामावली सरकायला लागते.

'फायरवॉच'च घ्या. (२०१६चा गेम आहे, शेवट फोडल्याचं पाप आता मला लागू नये.) १९८९चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, वणवा टेहळायच्या मनोऱ्यावर एकटा हेन्री आणि वॉकीटॉकीवर दुसऱ्या मनोऱ्यावरची डेलाइला. मग कळतं की दोघांचं बोलणं कुणीतरी चोरून ऐकतंय. त्याच्या लेखी नोंदीच सापडतात, कुंपणाआड संशोधनाचा तळ दिसतो. एव्हाना आपण सरकार, गुप्तहेर खातं आणि परग्रहवासी अशा तिघांवर मनातल्या मनात आरोपपत्र दाखल केलेलं असतं. निघतो कोण? मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर जंगलात तोंड लपवून राहिलेला एक बाप. डोंगर पोखरून उंदीर! वर जिच्या मनोऱ्यापर्यंत धापा टाकत पोचावं, ती डेलाइला हेलिकॉप्टरने कधीच गेलेली.

तरीही हा गेम मी कुणालाही खेळायला सांगेन. हातात नकाशा नि होकायंत्र धरून वाट शोधण्यात जी मजा आहे ती शेवटावर अवलंबूनच नाही. नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, म्हणजे नीट हरवता येतं. वाटेतल्या सामानाच्या पेट्यांची कुलपं १२३४ने उघडतात. ज्यांना याहून अवघड आकडा सुचत नाही त्यांच्या जंगलात महाकारस्थान शिजतंय, असं आपल्याला तासन्‌तास वाटत राहतं. लेखकांची कमाल आहे ती इथे.

शेवट फसतो, कारण शंका फुकट असते. ती खेळणारा स्वतःच वाढवत नेतो. उत्तर मात्र लेखकाला एकच द्यावं लागतं, आणि ते लाखभर खेळाडूंच्या शंकांपुढे तोकडंच पडणार. त्यात गेममध्ये निवडीचे फाटे असले की प्रत्येक फाट्याचे संवाद लिहा, आवाज भरा, दृश्यं बनवा. मग शेवटाजवळ सगळे फाटे गुपचूप एकाच वाटेला आणून सोडतात.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये (२०१८) तर जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं आणि शेवटी हाती येतो विम्याचा हिशोब! पण मधलं काम काय सुरेख आहे. खलाशांच्या झोपायच्या टांगत्या झोळ्यांवर आकडे असतात, ते यादीतल्या क्रमांकांशी जुळवायचे. झोळीबाहेर आलेला पाय, त्यातला मोजा बघून माणूस ओळखायचा. तिघांची उत्तरं बरोबर आली की गेम ती पक्की करतो. त्यामुळे दोन खात्रीची ठेवून तिसऱ्याची नावं बदलत बसण्याचा मोह होतो. करू नका. तसं मिळालेलं नाव झोळीतून काढलेल्या नावाइतकं गोड लागत नाही.

'हर स्टोरी'त (२०१५) शब्द टाकून पोलिसी जबाबांच्या क्लिपा शोधायच्या. कितीही सापडल्या तरी पहिल्या पाचच बघायला मिळतात. म्हणून ढोबळ शब्द सोडा; बोलण्यात ओझरतं आलेलं एखादं नाव, एखादी वस्तू वहीत टिपा आणि तीच शोधा. बऱ्याच वेळाने चॅटची खिडकी उघडते आणि कुणीतरी विचारतं, झालं का तुमचं? बिनधास्त 'नाही' म्हणा. वहीत अजून शब्द शिल्लक असतात.