जुना फ्रिज काढायचाय? बसा, पाणी घ्या, साधंच आहे

सर्वप्रथम अभिनंदन. घरातला जुना फ्रिज काढून टाकावा असं तुम्हाला वाटलं, म्हणजे एकतर तुम्ही नुकतंच लग्न करून या घरात आला आहात किंवा काल रात्री तुमचं दीड लिटर दूध नासलं आहे. दोन्ही प्रसंगी माणूस उतावीळ होतो. म्हणून हे चार शब्द. ते सांगणारा नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, १९९४ साली घेतलेल्या १६५ लिटरच्या फ्रिजसोबत संसार करत आला आहे. सल्ला फुकट आहे आणि फ्रिजइतकाच भरवशाचा आहे.

पहिली गोष्ट, फ्रिज बिघडलाय असं चारचौघांत म्हणायचं नाही. 'त्याचं जरा बघून घ्यावं लागतं' असं म्हणायचं. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलतो तसं. फ्रिजच्या आत साधारण ४ अंश असावेत आणि फ्रीझरमध्ये उणे १८, असं म्हणतात. आमच्याकडे मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबीर काचेसारखी गोठते आणि दारातलं दूध त्याच दुपारी फाटतं. सरासरी काढली तर बरोबर ४ अंशच येतील.

आता दार. रबर ढिलं पडलंय, त्यामुळे ते लोटून लागत नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याने खालचा कोपरा किंचित उचलायचा, कमरेने ढकलायचं आणि 'टप्' असा आवाज येईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. आवाज आला नाही तर पुन्हा अंगठा. माझी बायको या घरात आली तेव्हा आईने तिला देवघर दुसऱ्या दिवशी दाखवलं, हे दार पहिल्याच दिवशी. पाहुण्यांना आम्ही फ्रिजला हात लावू देत नाही. लोकांना तो आग्रह वाटतो. 'बसा हो, मी देते ना पाणी!'

एवढं सगळं जमत असूनही समाधान नसेल तर मेकॅनिकला बोलवा. तो फ्रिज भिंतीपासून ओढेल, मागे हरवलेल्या वस्तू सापडतील (आमच्याकडे एक चमचा, एक रबरी चेंडू आणि १९९९ची लग्नपत्रिका निघाली, त्या जोडप्याचा मुलगा आता इंजिनियरिंगला आहे), मग तो कंप्रेसरवर तळहात ठेवून नाडी बघेल आणि सांगेल, 'गॅस गेला.' आतला दिवा लागत नसला तरी निदान तेच. घरात एखादा दीडशहाणा असेल तर तो इथे विचारतो, की अहो, गॅस जायला तो काय सिलिंडर आहे? कंप्रेसर, मागची काळी जाळी, केसासारखी बारीक नळी आणि वरचा फ्रीझर हे सगळं बंद चक्र आहे. तोच गॅस वर्षानुवर्षं आत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक पडलंय, आणि भोक न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. असल्या माणसाला त्या दिवशी बाजारात पाठवा. गॅस भरा, तीन हजार मोजा, तीन महिन्यांची गॅरंटी घ्या. चौथ्या महिन्यात पुन्हा त्यालाच बोलवा. बिचाऱ्याला घर पाठ झालेलं असतं. आम्ही पाच वेळा भरला. पंधरा हजारांत नवा आला असता, हे आम्हाला शेजारच्या काकांनी सांगितलं. त्या काकांकडे आम्ही हल्ली जात नाही.

विजेच्या बिलाकडेही बघू नका. थंडच होत नाही म्हटल्यावर थर्मोस्टॅट कंप्रेसरला थांब म्हणत नाही, आणि तो बापडा चोवीस तास धडधडत राहतो. १२० वॅट धरले तर दिवसाला जवळजवळ तीन युनिट, महिन्याला ८६. आजचा साधा एका दाराचा स्टारवाला फ्रिज वर्षाला दीडशे-दोनशे युनिट घेतो. म्हणजे नवा वर्षभरात खाईल तेवढं आमचा दोन महिन्यांत खातो. शिवाय महावितरणचा शंभर युनिटांपुढचा दर वेगळा, तीनशेपुढचा आणखी वेगळा. आमच्या घरात या चढत्या दराचं खापर मुलाच्या मोबाइल चार्जरवर फोडलेलं आहे. फ्रिज रात्रभर चालू, आणि आई झोपायच्या आधी चार्जरचं बटण बंद करून येते.

आणि मुळात घाई कसली? बिल्डिंग पाडायचीच आहे ना. ठाण्यात जुन्या घरात राहणाऱ्या माणसाचं हे ब्रह्मवाक्य आहे. नळ गळतोय? रीडेव्हलपमेंट होणारच आहे. भिंतीला ओल आलीय? पाडायचीच आहे. फ्रिज? नव्या घरात नवा घेऊ, आत्ता तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आणि वर्षात उतरवायचा, हमाली कोण देणार? आमच्या सोसायटीने बिल्डर ठरवल्याला नऊ वर्षं झाली. दरम्यान दोन बिल्डर बदलले, तीन सेक्रेटरी बदलले, मुलगा पहिलीतून दहावीत गेला. फ्रिज बदलला नाही.

हे सगळं ऐकूनही काढायचाच म्हणता? मग शहाणा माणूस काढत नाही, देतो. 'फ्रिज टाकला' म्हटलं की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. 'फ्रिज दिला' म्हटलं की पुण्य लागतं. वस्तू तीच, गळती तीच, फक्त क्रियापद बदलायचं.

द्यायला पहिलं माणूस म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी. माझ्या आईने हा प्रयोग गेल्या दिवाळीत केला. बोनसचं पाकीट हातात देतानाच, पाकीट जरा हलकं आहे हे लक्षात येऊ नये म्हणून, म्हणाली, 'मावशी, आमचा फ्रिज घेऊन जा हो तुम्ही. चांगला चालू आहे. आम्हाला लहान पडतो म्हणून काढतोय.' मावशींनी पदराला हात पुसले, फ्रिजकडे पाहिलं, डाव्या पायाने तो कोपरा उचलून कमरेने दार लावून दाखवलं (बारा वर्षं येतात, त्यांना आमच्याआधी जमतं) आणि म्हणाल्या, 'नको आजी. पोराने डबल डोअर घेतलाय हप्त्यावर. त्यात खाली दूध नासत नाही.' थोडं थांबून पुढे म्हणाल्या, 'उद्या सणाचं दूध आणाल ना, जास्तीचं माझ्याकडे ठेवते. सकाळी येताना आणीन.'

आणलंही त्यांनी. आईने त्या दुधाची बासुंदी केली आणि आठवडाभर मावशींशी जरा तुटक वागली.

दुसरा पर्याय गावचं घर. कोकणातल्या प्रत्येक बंद घराच्या माजघरात मुंबई-ठाण्याहून दानात आलेला एक टीव्ही, एक मिक्सर आणि एक फ्रिज असतो. गणपतीत पाच दिवस उघडायच्या घरात आपण वर्षभर कुरकुरणारा फ्रिज पाठवतो आणि वर चुलत्याला फोन करतो, 'तुमच्यासाठी पाठवलाय.' टेम्पोचं भाडं फ्रिजच्या किमतीच्या चौपट होतं ती गोष्ट वेगळी. तिथे व्होल्टेज कमी, त्यामुळे तो चालू होण्याचा धोका नाही. माझ्या चुलत्याने आमच्या आधीच्या, वडिलांच्या वेळच्या फ्रिजमध्ये कुळीथ आणि भाताचं बियाणं ठेवलंय. उंदीर शिरत नाही म्हणाला. त्या फ्रिजबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिसरा पर्याय ऐरोलीला चार मित्रांत भाड्याने राहणारा भाचा. तरुण मुलांना फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या असतात, असं आपण धरून चालतो. त्याने फोटो मागितला. फोटो पाठवल्यावर 'मामा, आम्ही माठ घेतलाय' असं उत्तर आलं.

ऑनलाइन विकायचा असेल तर मजकूर असा लिहा: 'एकाच हाताने वापरलेला, कुटुंबातला फ्रिज, घर बदलत असल्याने देणे आहे.' 'कुटुंबातला' या शब्दाने काय सिद्ध होतं ते मला माहीत नाही, पण सगळेच लिहितात. पहिल्या तासात अकरा जण 'लास्ट प्राइस?' विचारतील. संध्याकाळी एक अत्यंत सभ्य माणूस फोन करील. तो स्वतः सैन्यात असतो, फ्रिज न बघताच पूर्ण किंमत देतो, आणि पैसे तुमच्या खात्यात यावेत म्हणून एक क्यूआर कोड पाठवतो, तेवढा स्कॅन करून पिन टाकायचा. पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तर त्या फ्रिजने तुम्हाला आयुष्यात एकदा तरी थंड डोक्याने विचार करायला लावला असं समजा.

एक झटपट उपायही आहे, बऱ्याच घरांत तो नकळत होतो. फ्रीझरमध्ये बर्फाची गुहा झाली, की डीफ्रॉस्टचं बटण दाबून चार तास थांबायचं नाही. स्वयंपाकघरातली टोकदार सुरी घ्यायची आणि बर्फ खोदायचा. फ्रीझरचा तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा म्हणजेच गॅसची वाट असते, बर्फामागेच. एक घाव चुकला की 'फुस्स'. फ्रिज गेला. घरचे तुम्हाला कधी माफ करणार नाहीत, पण दुकानात मात्र त्याच रविवारी जातील.

राहिला भंगारवाला. आमच्या गल्लीत सकाळी अकराला हातगाडी येते. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला, फ्रिजवर बोटाने दोन टिचक्या मारल्या, कलिंगड बघतात तशा. 'साब, इसमें निकलता क्या है? पत्रा पतला है, फोम का कुछ नहीं मिलता. खाली कंप्रेसर का पैसा है.' सातशे. मी हजार म्हणालो. तो म्हणाला, 'नीचे आप उतारके दो, हजार ले लो.' त्यापुढे घासाघीस करण्यासारखं काही राहिलं नाही.

हा फ्रिज पुढे कुठे जातो ते मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाहिलंय. कंपाउंडमध्येच आडवा घातला, पकडीने तांब्याची नळी कापली, पाच सेकंद शिटी वाजल्यासारखा आवाज, मग कंप्रेसर उपटून गाडीवर. बाकी सांगाडा शिळफाट्याकडच्या कुठल्यातरी गोदामात. नव्वदच्या दशकातल्या फ्रिजमध्ये साधारण आर-१२ हा क्लोरिनवाला गॅस असायचा. ओझोनचा थर त्याने विरतो म्हणून १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली गेला, आणि २०१०पासून आपल्याकडे तो बंदच झाला. तापमान वाढवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. म्हणजे फ्रिजमधला जेमतेम शंभर ग्रॅम गॅस सोडला की एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. त्या पाच सेकंदांच्या शिटीत. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमच्यासारखा पाच वेळा गॅस भरलेला फ्रिज असेल, तर तुमचा वाटा तुम्ही हप्त्याहप्त्याने आधीच सोडलेला आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, जुन्या वस्तू नोंदणीकृत ठिकाणी मोडल्या जाव्यात याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे. एक फोन करून 'तुम्ही नेता का' असं विचारता येतं. मी आमच्या सोसायटीत हे सांगितलं, तर एकाने विचारलं, 'किती देतात?'

जिन्याच्या चौकात मात्र ठेवू नका. ठेवलात, तर दार बिजागरीतून काढून ठेवा, निदान दोरीने बाहेरून आवळा. एवढं एक थट्टेवारी नेऊ नका. लपंडाव खेळताना पोरं रिकाम्या फ्रिजमध्ये शिरतात, आणि जुन्या खिट्टीच्या फ्रिजचं दार आतून उघडत नसे. अमेरिकेत अशी मुलं गेल्यावर १९५६ साली कायदाच करावा लागला, की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. आपल्या जुन्या फ्रिजना तर चक्क कुलूप असायचं. चावी आमच्या आईच्या जुडग्यात अजून आहे. काय चोरीला जाणार होतं देव जाणे, बहुधा श्रीखंड.

शेवटी आमचा गेला तो एक्स्चेंजमध्ये. पंधराशे रुपये सूट, जी नव्याच्या किमतीत आधी वाढवलेली असावी असा काकांचा अंदाज (त्यांच्याशी बोलणं पुन्हा सुरू झालंय). दोन पोरं आली, नवा वर चढवला, जुना पट्ट्यावर घेतला. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असतील, आई जिन्यातून ओरडली, 'थांबा!' पोरं थांबली, तो तसाच पाठीवर. आईने खाली जाऊन हँडलचं क्रोशाचं कव्हर सोडवलं. ते आत्याने विणलेलं, एकेकाळी पिवळं होतं. मग दार उघडायला लावून अंड्यांचा ट्रे काढला. आमच्याकडे अंडी खात नाहीत, त्यात तीस वर्षं लिंबं असायची. मग बर्फाचा ट्रे. मग भाजीच्या कप्प्यावरची काच, 'ही चांगली आहे'. खालच्या पोराचे गुडघे लटपटायला लागले तेव्हा तिने सोडलं.

तुम्हीही यातलं काही विसरू नका. फ्रिजचं स्टँड ठेवा, त्यावर तुळशीची कुंडी छान बसते. आणि स्टॅबिलायझर तर मुळीच देऊ नका. नव्याला त्याची गरज नाही, ते आतच असतं, असं दुकानदार सांगतो. सांगू दे. आमचा दोन दिवस माळ्यावर होता. तिसऱ्या रात्री आईने तो खाली काढायला लावला, जुन्याच प्लगला जोडला आणि चालू केला. त्याला पुढे काहीही जोडलेलं नाही. व्होल्टेज वरखाली झालं की तो टक् करतो, आणि आतल्या खोलीत आई कूस बदलून झोपते.